हरिद्वार, व्हाया डोंबिवली

मे महिन्यातली दुपार. तीन तासांचं भारनियमन नुकतंच संपलं होतं. पंख्याने पहिली गिरकी घेतली आणि फोन वाजला. हिने उचलला.

"वहिनी, दिवे आले का?"

"आत्ताच आले. तुम्ही कुठून बोलताय?"

"हरिद्वारहून. वर जाऊन तेवढं बटण दाबता का? मी पाच मिनिटांनी आमच्या घरच्या नंबरावर करतो."

ही किल्ली घेऊन वर गेली. कुलूप काढलं, बटण दाबलं, फोन उचलला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या होत्या, त्या तिने वाचून दाखवल्या : कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

"मग दाबा."

"अहो काका, कीबोर्डच सापडत नाही म्हणतोय, तर एफ-वन कशावर दाबू?"

हरिद्वारच्या बाजूने थोडा वेळ नुसती रहदारी ऐकू आली. मग मागची वायर घट्ट करायची सूचना आली. त्यानंतर पडद्यावरचे नऊ आकडे आणि चार अक्षरं हिने दोनदा वाचून दाखवली, आणि सव्वाचारच्या सुमारास त्या कुलूपबंद घरातल्या कॉम्प्युटरवरचा बाण कोणी हात न लावता आपोआप सरकायला लागला. हिने मनात रामरक्षा सुरू केली असावी, कारण फोनमधून ऐकू आलं, "घाबरू नका, बाण माझा आहे."

हे आमचे रिमोटकाका. खरं नाव सोसायटीच्या नामफलकावर आहे, पण पोस्टमन सोडला तर ते कोणी वापरत नाही. टिळकनगरातल्या आमच्या तीन मजली इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही पहिल्यावर. त्यांच्यासारखे ते एकटेच आहेत असं मात्र समजू नका. फडके रोडला संध्याकाळी एक चक्कर मारा, ठाण्यात राममारुती रोडवर उभे राहा किंवा कल्याणात शिवाजी चौकाच्या आसपास रेंगाळा. पट्ट्याला कॅमेऱ्याचं पाकीट, गळ्यात जानव्यासारखा पेन ड्राइव्ह आणि खिशात रबर लावलेली डायरी असा एक निवृत्त गृहस्थ दिसेलच. निवृत्तीआधीच्या वर्षात एमएस-सीआयटी केलेली असते. मुलगा किंवा मुलगी 'बाहेर' असते. जुना कॉम्प्युटर त्यांनीच देऊन टाकलेला असतो, आणि त्या कॉम्प्युटरवर गृहस्थाचा जीव जडलेला असतो.

याचं मूळ लोकल गाडीत आहे असं माझं मत आहे. जो माणूस 34 वर्षं सकाळी आठ चौदाला घर सोडतो आणि रात्री आठला परततो, त्याने स्वतःचं घर उजेडी फक्त रविवारी पाहिलेलं असतं. निवृत्तीनंतर ते घर रोज दिसायला लागलं, तर तेवढ्यात काकू म्हणाल्या, आता तरी चार ठिकाणं दाखवा. काकांनी लगेच तिकिटं काढली, पण मनातून निघाले नाहीत. घर कसं सोबत नेता येईल याचा ते तेव्हापासून विचार करायला लागले.

पहिला प्रयोग कल्याणात झाला. शिवाजी चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत बसून त्यांनी डोंबिवलीचा कॉम्प्युटर उघडला. मध्ये ठाकुर्ली हे एकच स्टेशन. मी म्हणालो, "काका, एवढ्यासाठी इंटरनेट कशाला? रिक्षाने दोन चकरा झाल्या असत्या." ते शांतपणे म्हणाले, "16 एप्रिल 1853 ला पहिली आगगाडी तरी कुठे पेशावरला गेली होती? बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर. कल्याण उजाडायला 1854 आलं." पुढच्या महिन्यात ठाण्याहून प्रयोग झाला, आणि तो त्यांच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय होता. कारण ठाणे एमटीएनएलचं, 022 वालं. आम्ही बीएसएनएलचे, 0251 वाले. गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवरच्या बहिणीला फोन करायचा तर एके काळी एसटीडी लागायची, नंतर आधी 95 लावून फिरवायला लागायचं. त्या सरहद्दीपलीकडून आपल्या हॉलमधला पडदा हलवला, याचा आनंद त्यांना बहिणीच्या घरच्या जेवणापेक्षा जास्त झाला. जेवण थंड झालं होतं, ते वेगळं.

परगावच्या कॅफेत काका शिरतात तेव्हा मालकाला वाटतं की तपासणीला कोणीतरी आलं. ते आधी सगळ्या यंत्रांवरून नजर फिरवतात, कोपऱ्यातलं निवडतात आणि खुर्चीवर रुमाल टाकतात. रुमाल टाकला की जागा आपली, हा आमच्याकडचा कायदा उत्तराखंडात लागू नाही हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. मग नोंदवहीत नाव लिहायचं. 2011 च्या नियमांनी सायबर कॅफेत ओळखपत्र दाखवणं आणि वहीत नोंद करणं सक्तीचं केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून काका पूर्ण पत्ता पिनकोडसकट लिहीत आले आहेत. कामाचा तपशील विचारला तर लिहितात, 'घर पाहणे.' त्याच नियमांत आडोशाच्या फळ्या साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत असंही आहे. म्हणजे बसलेला माणूस काय करतो ते चहावाल्यालाही दिसलं पाहिजे. इथे काकांची पंचाईत होते, कारण पासवर्ड टाकायचा असतो.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पंचा. कीबोर्डावर पंचा पसरायचा, दोन्ही हात आत घालायचे आणि पुटपुटत एकेक अक्षर दाबायचं. गोमुखीत हात घालून जप चालावा तसं. हरिद्वारला शेजारच्या यंत्रावरचा मुलगा नमस्कार करून बाजूला सरकला म्हणे.

माझ्या भाच्याने त्यांना समजावलं की पंचाने माणसांची नजर अडते, कीलॉगर अडत नाही. तो आतच बसलेला असतो आणि दाबलेलं प्रत्येक अक्षर टिपून घेतो. काकांनी शांतपणे विचारलं, "पण मी तर पासवर्ड डोंबिवलीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकतो ना? तिथे कुठे कीलॉगर आहे?" भाच्याने कपाळाला हात लावला. दूरचा कॉम्प्युटर कितीही सोवळा असो, बोटं इथल्याच ओवळ्या कीबोर्डावर पडतात. चोर इथेच, सुरुवातीलाच उभा असतो. काकांनी हे ऐकून घेतलं, आणि तेव्हापासून ते पासवर्ड उलटसुलट क्रमाने टाकतात : आधी शेवटची चार अक्षरं, मग माउसने मागे जाऊन पहिली तीन, मग मधलं. कीलॉगर गोंधळतो की नाही ठाऊक नाही. काका गोंधळतात आणि तिसऱ्या चुकीला खातं अर्ध्या तासासाठी बंद होतं.

पासवर्डांची डायरी मात्र अभेद्य आहे. ती मोडीत आहे. निवृत्तीनंतर मोडीच्या वर्गाला जाणारे पुष्कळ असतात. बहुतेक जण पूर्वजांची कागदपत्रं लावायला जातात, काका जीमेलसाठी गेले. डायरी हरवली तरी उत्तर भारतात ती कोणाच्या बापाला वाचता येणार नाही, हा त्यांचा हिशोब पक्का होता. कच्चा एवढाच की मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विधिनिषेध नसतो, आणि पासवर्ड रोमन अक्षरांत टाकायचा असतो. त्यात पासवर्डात गावाचं नाव. आता 'डोंबिवली'च्या शेवटी एक आय की दोन ई, आणि व नंतर ए आहे की नाही? अहो, गावातल्या दुकानांच्या पाट्यांचंच त्यावर एकमत नाही. नैनितालला काकांनी चार स्पेलिंगं करून पाहिली आणि शेवटी आमच्या घरी फोन आला, "वहिनी, स्टेशनवर जाऊन पाटी बघून येता का?"

मी या सगळ्याला हसतो, पण हरिद्वारच्या त्या दुपारी ते नेमकं काय करत होते हे कळलं तेव्हा मला हसूही येईना. त्यांना जेवायला चांगली खानावळ शोधायची होती. हर की पौडीपासून पाच मिनिटांवर बसलेला माणूस आधी डोंबिवलीला गेला, आमच्या हिच्याकडून बटण दाबवून घेतलं, स्वतःच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला आणि त्यात टाइप केलं : 'हरिद्वारमध्ये चांगलं जेवण.' का, तर "माझे फेव्हरिट्स घरच्या मशीनवर आहेत." एवढ्यात पडद्यावर पाटी आली की आपण हे मोफत सॉफ्टवेअर धंद्यासाठी वापरत असल्याचा संशय आहे, म्हणून जोडणी तोडत आहोत. जर्मनीतल्या त्या कंपनीने एका पेन्शनराला व्यापारी ठरवलं, याने ते इतके सुखावले की जेवायचं विसरले. काकूंनी तोवर समोरच्या गाडीवर पुरी-भाजी खाऊन घेतली होती.

फोटोंचं प्रकरण याहून गंभीर. काकांचं कार्ड भरतं दुसऱ्या दिवशी, कारण ते प्रत्येक देवळाचे सहा फोटो काढतात : चार बाजूंनी चार, एक काकूंसकट आणि एक 'सेफ्टीला'. कार्ड भरलं की फोटो घरी पाठवायचे. आता गणित बघा. दोन एमबीचा एक फोटो, कॅफेतून वर चढवायचा वेग 64 केबीपीएस. एका फोटोला सव्वाचार मिनिटं, तासाला चौदा. काकांकडे एकशेचाळीस होते. दहा तासांपैकी सहा त्यांनी कॅफेत काढले, संध्याकाळ धरून. गंगेची आरती काकूंनी टूरमधल्या नागपूरच्या बाईंबरोबर पाहिली, त्यांच्याच कॅमेऱ्यात फोटो काढले आणि काकांनी ते घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर बघितले. म्हणाले, "गर्दी फार होती का गं?"

परगावच्या यंत्राला कार्ड लावण्याचे त्यांचे नियम कडक आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते शहाणपणाचेही आहेत. कार्डाच्या कडेचं छोटं कुलूप आधी खाली सरकवायचं, म्हणजे समोरच्याने वाचावं पण आत काही लिहू नये. पेन ड्राइव्ह लावताना शिफ्टचं बटण दाबून धरायचं, म्हणजे आतलं काही आपोआप सुरू होत नाही. ते बटण काका आचमनाच्या भक्तीने धरतात. एवढं करूनही पेन ड्राइव्ह घरी आला की त्याला थेट आत प्रवेश नसतो. आंघोळ न करता स्वयंपाकघरात शिरू नये, तसा तो आधी क्विक हीलच्या हवाली होतो. या अँटिव्हायरसवर त्यांची श्रद्धा आहे, कारण ते पुण्याच्या काटकर बंधूंनी केलं. "आपल्या माणसाला आपल्या घरात काय शिरतं ते बरोबर कळतं." एकदा मात्र त्याआधीच उत्साहाने त्यांनी 'मसुरी' नावाच्या पिवळ्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली. तो फोल्डर नव्हता, फोल्डरचं सोंग घेतलेला व्हायरस होता. पुढचे आठ दिवस त्यांच्या कॉम्प्युटरवर जिकडे तिकडे मसुरीच मसुरी.

पण मसुरीने खरा हिसका नंतर दिला. केम्प्टी फॉलला भाड्याने पहाडी पोशाख मिळतात. घागरा, चांदीसारखे दागिने, डोक्याला ओढणी. काकूंनी तो घातला होता, काकांनी टोपी घालून डोक्यावर टोपली धरली होती. हा फोटो कॅफेत जपून ठेवताना काकांचा माउस घसरला आणि 'सेव्ह' ऐवजी त्याखालच्या कुठल्यातरी ओळीवर पडला. त्यांना वाटलं झालं. उठले, पैसे दिले, आले. पुढच्या वर्षी आमच्याच इमारतीतल्या तळमजल्यावरचं कुटुंब मसुरीला गेलं. मुलाला परीक्षेचा निकाल बघायचा होता म्हणून ते एका कॅफेत शिरले. चार नंबरच्या यंत्रावर, पडदाभर, पहाडी वेषातल्या काकू. एक वर्ष तो फोटो तिथे होता. मालक म्हणाला, काढावासा वाटला नाही साहेब, गिऱ्हाइकं विचारतात हे कुठलं लोकनृत्य. काकू आठवडाभर गच्चीवर आल्या नाहीत. काका मात्र इमारतभर सांगत होते, "चार नंबर. बरोबर, मी चारवरच बसलो होतो."

लॉगआउट न करता उठणं हा या जातीचा जन्मजात दोष आहे. पासवर्डाला एवढी शोभायात्रा काढतात की तो लागल्यावर जीव भांड्यात पडतो, आणि जाताना दार उघडं टाकून निघतात. ऋषिकेशहून परतल्यावर एकदा काकांना मेल आला. पाठवणारा : स्वतः काका. मजकूर हिंदीत : 'अंकलजी, आप अपना खाता बंद करना भूल गए थे. मैंने कर दिया है. आंटीजी के फोटो अच्छे हैं.' काकांनी त्याला उत्तर लिहिलं, धन्यवाद दिले, पोराला आशीर्वाद दिला आणि पाठवलं. तेही अर्थात त्यांच्याचकडे आलं. जीमेलच्या पानाच्या अगदी तळाला आपलं खातं शेवटचं कुठे उघडलं गेलं ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि बाकी सगळीकडून एकदम बाहेर पडायचं बटणही तिथेच असतं. हे भाच्याने दाखवल्यापासून काका रोज रात्री गॅसचा नॉब बघतात तसं तेही बघून झोपतात.

मध्यंतरी त्यांनी हॉलमध्ये वेबकॅम बसवला. ऊटीहून घर पाहायला. पहिल्या दिवशी फोन आला, "वहिनी, अंधार अगदी स्पष्ट दिसतोय." रात्रीची वेळ होती. दुसऱ्या दिवशी ही तुळशीला पाणी घालायला गेली, तर तिथला फोन वाजला, "डावीकडच्या कुंडीला राहिलं." त्या दिवसापासून ही वर जाताना साडी बदलून, वेणीफणी करून जायला लागली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "ऊटीला दिसतं." पुढे पुढे ती कॅमेऱ्यासमोर विजेचं बिल धरायची, दोन मिनिटं स्थिर उभी राहायची, चित्र दर दहा सेकंदांनी हलायचं म्हणून. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती घेऊन वर गेले आणि कॅमेऱ्याला वाकून नमस्कार करून आले.

आणि गंमत अशी की ज्या घराच्या रक्षणासाठी पंचा, मोडी आणि उलटसुलट पासवर्ड, त्या घराची सगळी माहिती काका गाडी ठाणे सोडायच्या आत सहप्रवाशांना देऊन टाकतात. कुठे राहतो, कोणता मजला, किती दिवस घर बंद, किल्ली खालच्या वहिनींकडे. आग्रा येईपर्यंत आमचा फोन नंबर अर्ध्या डब्याच्या वहीत असतो. माणसावर अविश्वास दाखवणं त्यांना जमत नाही, यंत्रावर मात्र तो भरपूर आहे.

अमेरिकेत ते मुलीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा तिने लॅपटॉप समोर ठेवला. काका दुसऱ्या दिवशी गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसले. मुलगी चिडली. हे म्हणाले, घरच्या कॉम्प्युटरवरून घरी जाण्यात काय मजा? वाचनालयातल्या यंत्रांचा नियम असा की ठरलेला वेळ संपला की यंत्र आपोआप पुसून कोरं होतं, मागच्याचं काही शिल्लक राहत नाही. काकांनी डेस्कटॉपवर नीट लावून ठेवलेले नायगाऱ्याचे नव्वद फोटो वेळ संपताच नाहीसे झाले. आम्हाला वाटलं ते हळहळतील. ते भारावून गेले होते. "याला म्हणतात सोवळं यंत्र. प्रत्येक माणसामागे आंघोळ." परतीच्या वाटेवरच्या हॉटेलात पाहुण्यांसाठी दोन कॉम्प्युटर होते, तिथे मात्र त्यांनी पंचा काढला. पण 2014 साली अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनेच हॉटेलवाल्यांना इशारा दिला होता की तुमच्या पाहुण्यांच्या कॉम्प्युटरांत चोर कीलॉगर बसवताहेत. ही बातमी काकांना भाच्याने वाचून दाखवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्यांना आत्ता कळलं."

आता सायबर कॅफे सरले. आमच्या गल्लीतल्या कॅफेत झेरॉक्स, पॅन कार्ड आणि मोबाइलची कव्हरं मिळतात. कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर फॉर्म भरण्यापुरता आहे. 2016 च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवर फुकट वायफाय सुरू झालं, तेव्हापासून काका कुठल्याही फलाटावर बसून घर उघडतात. हातात स्मार्टफोन आहे. फोटो काढला की आपोआप वर जातो, चौदाचा हिशोब उरला नाही. भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात येत नाही. तरी हॉलमधला तो जुना कॉम्प्युटर चालूच असतो, त्याच्यावर पुठ्ठ्याची पाटी आहे, 'बंद करू नये', आणि तिच्याखाली तेच मोडीत.

गेल्या सोमवारी दोघं दार्जिलिंगला गेली. हिचे गुडघे दुखतात, म्हणून यंदा किल्ली माझ्याकडे आहे. परवा संध्याकाळी पाऊस आला आणि सव्वासहाला दिवे गेले, ते साडेसातला आले. मी शर्ट बदलला, वर गेलो आणि बटण दाबून आलो.